साहेब जेवले कुणाकडं

"महिन्याभरात आमचं केंद्र असं करून दाखवतो की पुण्याहून माणसं बघायला येतील," असं भास्कर पेडणेकर साहेबांनी दूध संघाच्या बैठकीत उभं राहून छातीठोकपणे सांगितलं आणि ते खाली बसले. मधल्या वेळात शेजारच्या गृहस्थांनी पाय पसरायला म्हणून त्यांची खुर्ची जरा मागं सारली होती. त्यामुळं साहेब बसले ते थेट फरशीवर. रखरखीत बैठक होती ती, चहासुद्धा अर्धा कप मिळाला होता. साहेबांच्या पडण्यानं तेवढीच सगळ्यांना करमणूक झाली. पण साहेब उठले, पँट झटकली आणि पुन्हा म्हणाले, "महिन्याभरात." वेंगुर्ल्याचा माणूस. स्वतः पडला तरी शब्द पडू देत नाही.

शब्द द्यायची वेळ आली ती अशी. साहेबांचं केंद्र म्हणजे बेंबळी ओलांडून पुढं गेलं की फाट्यावर दिसणारी पत्र्याच्या छपराची इमारत. आसपासचं दूध सकाळ-संध्याकाळ तिथं यायचं, मापलं जायचं, तपासलं जायचं, टाकीत थंड व्हायचं आणि टेम्पोनं उस्मानाबादला जायचं. साल शहाऐंशी. लागोपाठ काही वर्षं पावसानं पाठ फिरवलेली. बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाऊन जगलेली माणसं म्हणायची, हा त्याचाच धाकटा भाऊ आलाय, अंगानं बारीक पण खोडीला तसाच. रानात काही उगवत नव्हतं, म्हणजे गाई-म्हशीनं दिलं तेवढंच पीक. आणि नेमक्या अशा वेळी भीमनगरच्या बायकांनी केंद्रावर दूध घालायचं बंद केलं. उन्हातान्हात पायपीट करून त्या बेंबळीच्या खाजगी व्यापाऱ्याला दूध द्यायला लागल्या. केंद्राची टाकी अर्धीच भरायला लागली, तेव्हा वरून निरोप आला की असंच चाललं तर केंद्र बंद करावं लागेल.

बायकांचं म्हणणं साधं होतं. फॅट तपासणारा धोंडप्पा त्यांच्या किटल्या खालच्या पायरीवर ठेवायला लावतो आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटी हातात घेतो. तोवर ऊन वर येतं, दूध फाटतं, आणि मग "नासकं दूध घेत न्हाय" म्हणून तेच परत पाठवतो.

साहेबांनी धोंडप्पाला विचारलं, तर त्याला खरोखरच आश्चर्य वाटलं. आपण मुद्दाम काही करतो हे त्याला मान्यच नव्हतं. त्याचे वडील गावच्या दुकानात बसायचे तेव्हा असंच चालायचं. हाताला वळण पडलं होतं, एवढंच तो म्हणाला.

आता दुसरा एखादा अधिकारी असता तर धोंडप्पाला दम देऊन मोकळा झाला असता. पण पेडणेकर साहेब नुकतेच पुण्याला एक शिबिर करून आले होते. विषय होता, सेवकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यात निरनिराळ्या समाजांविषयी जाण कशी वाढवावी. शिबिराला आलेले बाकीचे अधिकारी दुपारच्या जेवणानंतर डुलक्या घेत होते. साहेब मात्र प्राध्यापकांचा शब्दन् शब्द मनात साठवत होते, कारण त्या शिबिरात त्यांच्याशी सलग तासभर कुणीतरी बोलत होतं. तेही पुष्कळ दिवसांनी.

साहेब एकटे होते. बायको वेंगुर्ल्याला शिक्षिका. बदली मिळत नव्हती. केंद्राच्या मागच्या खोलीत त्यांची कॉट, स्टोव्ह आणि भिंतीवर एक समुद्राचं कॅलेंडर. ते केंद्रात शिरले की चाललेल्या गप्पा पंखा बंद केल्यासारख्या थांबायच्या. "जी साहेब" आणि "व्हय साहेब" यापलीकडं वर्षभरात त्यांच्या वाट्याला काही आलं नव्हतं. दूध थंड करणाऱ्या मशीनची घरघर तेवढी त्यांना लाटांसारखी वाटायची, आणि तिच्यावर त्यांना झोप लागायची. लाइट गेली की समुद्र गेल्यासारखे ते दचकून उठायचे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला कुणी असतं तर दचकायची वेळच आली नसती.

तर साहेबांनी वर्ग काढला. सकाळचं दूध आटोपलं की फळ्यापुढं चौघं बसायची. लिंगायत घरचा धोंडप्पा, घरी कानडी आणि बाहेर मराठी बोलणारा. टेम्पो चालवणारा बाबू ओव्हाळ, भीमनगरचा. मशीन सांभाळणारा गफूर. आणि कचेरीतलं काम बघणारी महानंदा, गावातले मोठे बागाईतदार आबाराव यांची सून. बागाईत त्या वर्षी नावालाच उरलं होतं, पण आबारावांच्या आवाजाला अजून पाणी होतं.

पहिल्या दिवशी साहेबांनी बाबूला आपल्या समाजाच्या चालीरीती सांगायला उभं केलं. बाबूनं फळ्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाला, "साहेब, आमी बी भाकरीच खातो," आणि खाली बसला. साहेबांना हे फार मोलाचं वाटलं. त्यांनी ते फळ्यावर लिहून घेतलं.

मग नमस्काराचा धडा झाला. ज्याचा जो नमस्कार, तोच त्याला करायचा, असं साहेबांनी सांगितलं. कुणाला जय भीम, कुणाला शरणु शरणार्थी, कुणाला सलाम, कुणाला राम राम. माणसाला आपला नमस्कार ऐकला की घरी आल्यासारखं वाटतं. यावर महानंदानं शंका काढली की बाहेरगावचा माणूस आला तर तो कोण हे ओळखायचं कसं. साहेब म्हणाले, त्यात काय, नम्रपणे विचारायचं.

इथंच सगळं फिसकटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायच्या खिडकीवर धोंडप्पा प्रत्येकाला नम्रपणे जात विचारायला लागला. आजवर जी गोष्ट गाव मनात ठेवत होतं, ती सरकारी सुरात मोठ्यानं विचारली जाऊ लागली. त्यात धोंडप्पा पडला कर्तव्यदक्ष. ओळखीच्यांनाही सोडलं नाही, वर्गात भेदभाव नको म्हणून सांगितलं होतं ना. रांगेत आबाराव स्वतः उभे होते, गडी आजारी होता म्हणून. त्यांना त्यानं हात जोडून विचारलं, "मालक, तुमी कोन?"

आबारावांनी आपली किटली उचलली. ज्या गावात आपल्या आज्याच्या नावानं बारव आहे तिथं आपल्याला हे विचारलं जावं, याबद्दल ते जे काही बोलले ते साहेबांच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं. मग त्यांचं दूधही बेंबळीच्या व्यापाऱ्याकडं जायला लागलं. वस्तीचं दूध परत आणायला निघालेल्या साहेबांनी मळ्याचंही घालवलं.

साहेबांनी घाईनं हुकूम फिरवला, कुणालाही काही विचारायचं नाही. मग चौघांनी आपसांत सोपी तोड काढली. खिडकीवर कुणीही आलं की एका दमात "रामराम-जयभीम-शरणु-सलाम" म्हणायचं, ज्याला जे लागेल ते त्यानं उचलावं. एकेका किटलीला एवढा नमस्कार व्हायला लागल्यावर रांग फाट्यापर्यंत गेली, ऊन चढलं, आणि त्या दिवशी सगळ्यांचं दूध सारखंच नासलं. तेवढ्यापुरती समता आली म्हणायची.

पाणी गळ्यापर्यंत आल्यावर साहेब एकटेच भीमनगरात गेले. बाबूची आई सरुबाई तिथं बायकांच्या पुढं असायची. उंच, सुकलेली बाई; बोलताना हातातलं काम थांबवत नसे. साहेबांनी वर्गाबद्दल, शिबिराबद्दल सगळं सांगितलं. ती ज्वारी निवडत ऐकत राहिली. सांगून संपल्यावर ती म्हणाली, वर्ग तुमचा तुम्ही घ्या, त्याला आमची ना नाही. पण ज्या दिवशी धोंडप्पा या घरात येऊन माझ्या हातचं खाईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या किटल्या केंद्रावर येतील.

साहेब तिथून जवळजवळ नाचतच परतले. प्राध्यापकांनी सांगितलं होतं की एकत्र भोजनासारखं प्रशिक्षण नाही. पण एकट्या धोंडप्पाला पाठवलं तर ती शिक्षा वाटेल, म्हणून त्यांनी सगळ्यांनाच त्यात घेतलं. फळ्यावर गोल काढला. धोंडप्पानं बाबूच्या घरी जेवायचं, बाबूनं महानंदाच्या, महानंदानं गफूरच्या आणि गफूरनं धोंडप्पाच्या. सगळ्यांनी एकाच दुपारी. गोल इतका चोख जुळला की खडू खाली ठेवताना साहेबांच्या लक्षात आलं, आपण यात कुठंच नाही.

त्यांनी फळ्याकडं बघत थोडी वाट पाहिली. कुणीतरी म्हणेल, साहेब, तुम्ही आमच्याकडं या. पण त्या चौघांपुढं स्वतःचीच संकटं एवढी उभी होती की साहेबांचं जेवण कुणाच्या डोक्यात येणार? स्वतःहून येतो म्हणावं, तर साहेबाचं येतो म्हणजे हुकूम. तरी मनात एक होतंच, की त्या दिवशी घरोघर भेट द्यायला जाऊ, तेव्हा कुणीतरी बसवून घेईलच. भर दुपारी दारात आलेल्या माणसाला कोण उपाशी पाठवतं?

मधल्या दिवसांत त्यांनी धोंडप्पाकडून थोडी कानडी शिकून घेतली. त्या भागातली कानडी माणसं भेटल्यावर "ऊटा आतेन्रि?" असं विचारतात, म्हणजे "जेवण झालं का?" साहेबांना हे फार आवडलं. जिथं माणसं भेटल्याबरोबर हेच विचारतात तिथं माणूस किती सुखी असेल, असं त्यांना वाटलं. खोलीत येरझाऱ्या घालत ते भिंतीवरच्या समुद्राला पुन्हा पुन्हा हाच प्रश्न विचारत राहिले. घोकता घोकता मधला एक तुकडा गळून गेला आणि "ऊटा आत्रि" एवढंच उरलं. त्याचा अर्थ होतो, "माझं जेवण झालं." समुद्रानं काही दुरुस्ती केली नाही.

ठरलेला दिवस उजाडला. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. सकाळी काही खाल्लं नाही. चार घरी आग्रह झाला तर पोटात जागा हवी. दुपारी ते बाहेर पडले तेव्हा रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटत होतं आणि पाण्याच्या टँकरची वाट बघत घागरी माणसांऐवजी रांगेत उभ्या होत्या.

आधी गेले आबारावांकडं. ओसरीवर आबाराव आणि बाबू समोरासमोर जेवायला बसले होते. सासऱ्यानं हे केलं नाही तर आपली नोकरी जाईल, असं महानंदानं घरात साफ सांगितलं होतं, आणि पाऊस नसलेल्या साली नोकरीवाली सून म्हणजे विहिरीपेक्षा मोठी गोष्ट. ताटं सारखी होती, भाजी सारखी होती. दोघंही घामाघूम होऊन टेम्पोच्या टायरबद्दल बोलत होते, कारण दुसरा कुठलाही विषय कुठं जाऊन पोचेल याचा दोघांनाही भरवसा नव्हता. साहेबांना बघून आबाराव उठले. राग अजून गेला नव्हता, पण दारात आलेल्या माणसाला चहा द्यावाच लागतो. साहेबांचं जेवण पुढं कुठंतरी असेल असं ते स्वतःच म्हणाले, आणि बाबूनं मान डोलावली. साहेबांनी चहा घेतला.

तिथून गफूरच्या घरी. गफूरच्या बायकोनं, आबारावांच्या घरची, अयोध्येला जाऊन आलेल्या आजेसासूची नातसून आपल्याकडं जेवायला येणार म्हणून, आठवडाभर धास्ती घेतली होती. शेजाऱ्यांकडून नवी भांडी आणून नुसती भेंडी, वरण आणि भात केला होता. महानंदा तो भात चिवडत बसली होती, कारण गफूरच्या घरच्या मटणाची कीर्ती तिनं फार ऐकली होती आणि त्यासाठी सकाळपासून पोट रिकामं ठेवलं होतं. दोघींनी एकमेकींचा एवढा मान राखला की दोघींचाही विरस झाला. साहेबांना बघून दोघी उठल्या. साहेब आबारावांकडून आले म्हणजे जेवूनच आले असणार, असं महानंदानं धरून चाललं. साहेबांनी इथंही चहा घेतला.

मग धोंडप्पाचं घर. गफूर नुकताच जेवून सुपारी कातरत बसला होता. धोंडप्पाची आई शांतम्मा दारात आली. कपाळभर विभूती, अंगानं भरलेली बाई. "बर्रि, बर्रि," म्हणजे या, या, असं म्हणत तिनं पाट मांडला, आत शेंगा-पोळीचा वास दरवळत होता, आणि ती आता ताट घ्यायला वळणार एवढ्यात साहेबांनी सगळी कानडी एकवटून, हसून, हात जोडून म्हटलं, "ऊटा आत्रि."

शांतम्मा थांबली. माझं जेवण झालं, असं साहेब सांगतायत, तेही आपल्या भाषेत. अशा माणसाला आग्रह करून संकटात टाकणं बरं नाही. तिनं पाट उचलला आणि चहाचं आधण ठेवलं. साहेब तिच्याकडं बघत राहिले. आपण तिला जेवणाचं विचारलं, तिनं उत्तर का दिलं नाही, हे त्यांना कळेना. कानडी माणसं लाजाळू असावीत, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि तिसरा चहा घेतला. ते गेल्यावर शांतम्मानं गफूरला सांगितलं, साहेब जेवून आलेत.

भीमनगरात पोचेपर्यंत साहेबांच्या पोटात चहा नुसता डुचमळत होता. सरुबाईच्या घरापुढं बायका गोळा झाल्या होत्या. दाराच्या आत ताट मांडलेलं. भाकरी फडक्याखाली झाकलेल्या, पिठल्याचं भांडं शेजारी, वर लसणाचा ठेचा. आणि ताटापुढं कुणी नव्हतं.

सरुबाई म्हणाली, "आला न्हाय."

साहेबांच्या पोटातून आलेला आवाज सगळ्यांनी ऐकला. ते खाली मान घालून म्हणाले, "सरुबाई, अन्न वाया नको जायला. मी बसतो. मी अधिकारी आहे त्याचा, माझंच जेवण त्याचं धरा."

सरुबाईनं ताटावरचं फडकं नीट केलं. "न्हाय साहेब. हे ताट तुमचं न्हाय. तुमी माझी किटली कधी बाजूला ठेवली न्हाय. तुमी जेवला तर काय फिटनार? आन तुमी तर आज हितं, उद्या बदली झाली की तिकडं. त्यो हितंच मरनार हाय, आन मी बी हितंच. आमचं आमाला मिटवू द्या."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते साहेबांना जास्त लागलं. ते वळले आणि धोंडप्पाला शोधायला निघाले.

धोंडप्पा महादेवाच्या देवळात नव्हता, फाट्यावरच्या हॉटेलात नव्हता. शेवटी साहेब केंद्रावर आले. दूध थंड करायच्या खोलीत, टाकीला पाठ लावून तो बसला होता. सगळ्या तालुक्यात तेवढीच एक गार जागा होती. साहेबांना बघून तो म्हणाला, आज आपला सोमवारचा उपास आहे. साहेब म्हणाले, आज गुरुवार आहे. तेव्हा त्यानं गुरुवारचाही धरल्याचं सांगितलं. घरी आईनं तो बाहेर जेवणार म्हणून त्याचं काही केलंच नव्हतं. तोही सकाळपासून उपाशीच होता.

साहेब त्याच्या शेजारी खाली बसले. वर्षभरात पहिल्यांदाच ते कुणाच्या शेजारी असे जमिनीवर बसले होते, बैठकीतलं सोडून.

"भाकरीला भीत न्हाय साहेब मी," धोंडप्पा म्हणाला. "आईसुद्धा म्हणाली, जा, खा, काय व्हत न्हाय. पर त्या बाईच्या तोंडाकडं कसं बघू? इतकी वर्सं तिची किटली खाली ठिवली म्या. आन ती मला वाढनार. तवा मी काय बोलू, ते तुमी वर्गात सांगितलंच न्हाय."

साहेबांनी आठवून पाहिलं. ते प्राध्यापकांनीही सांगितलं नव्हतं.

"मला नाही माहीत," ते म्हणाले. मशीन घरघरत होतं. "पण धोंडप्पा, आज मी गावात चार घरं फिरलो. माझी वाट बघत एकाही घरात कुणी बसलं नव्हतं. तुझी वाट बघत एक बाई ताट झाकून बसलीय. रागावून बसली असेल, पण बसलीय. मी तुझ्या जागी असतो तर पळत गेलो असतो."

धोंडप्पानं साहेबांकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. मग तो उठला, नळाखाली तोंड धुतलं आणि निघाला. साहेब त्याच्याबरोबर वस्तीच्या तोंडापर्यंत गेले आणि आटलेल्या हातपंपाशी लिंबाखाली थांबले. ताट त्यांचं नव्हतं. दारापर्यंत जायचं कारण नव्हतं.

लिंबाखालून सगळं दिसत होतं. धोंडप्पा दारात उभा राहिला. इथं कुठला नमस्कार करायचा ते त्याला चांगलं माहीत होतं, पण घाबरलेल्या माणसाची जीभ ओळखीच्या वाटेनंच धावते. तो एका दमात म्हणाला, "रामराम-जयभीम-शरणु-सलाम."

सरुबाईनं आधी पदर तोंडाला लावला. मग पदरही पुरेना. ती चौकटीला धरून हसायला लागली, आणि तिच्यामागं सगळी वस्ती. "आरं, एक पुरे व्हता की," ती डोळे पुसत म्हणाली. "बस खाली."

धोंडप्पा जेवला. सरुबाई वाढत होती आणि वाढता वाढता बोलत होती. कुठल्या उन्हाळ्यात किती दूध नासलं, कुणाच्या बाळंतपणाच्या खर्चाला म्हणून घातलेलं दूध परत आलं, सगळं तिनं एकेका भाकरीबरोबर त्याच्या ताटात घातलं. तो मान खाली घालून सगळं खात राहिला. हाताला वळणच तसं होतं, असं तो पुटपुटला तेव्हा ती म्हणाली, "मग मोड ते." तो "व्हय मावशी" म्हणाला. उपाशी असल्यामुळं त्यानं इतक्या भाकरी खाल्ल्या की शेजारच्या घरातून पीठ मागून आणावं लागलं. बायकांना याचं फार समाधान वाटलं. मन लावून जेवणाऱ्या माणसावर फार वेळ रागावता येत नाही.

पिठल्याचा वास लिंबाखालपर्यंत येत होता. साहेब तिथंच उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. ते कशानं, आनंदानं की भुकेनं, याचा त्यांनी फार खोलात जाऊन विचार केला नाही. थोड्या वेळानं धोंडप्पा हात पुसत बाहेर आला, तृप्त, लाल झालेला, आणि म्हणाला, "साहेब, लई ऊन झालं. तुमी जेवून झोपा काढा की आता."

साहेबांनी खोलीवर येऊन स्टोव्ह पेटवायला घेतला. रॉकेल संपलं होतं. त्यांनी पाणी प्यायलं आणि कॉटवर पडून मशीनचा आवाज ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमनगरच्या किटल्या आल्या. सरुबाईचा नंबर आला तेव्हा धोंडप्पाचा हात जुन्या वळणानं खालच्या पायरीकडं थोडा गेला, मध्येच थांबला आणि किटली घेऊन वर आला. आबारावांचा गडीही रांगेत होता. कालच्या जेवणात टायरची गोष्ट अर्धी राहिली होती, ती पुरी करायला बाबूला पुन्हा बोलावलं होतं म्हणे. साहेब खिडकीशी उभे राहून हे सगळं बघत होते. दूध घालून झाल्यावर सरुबाई त्यांच्याजवळ आली.

"काल जेवला का साहेब कुठं?"

हा प्रश्न त्यांना वर्षभरात कुणी विचारला नव्हता. आणि नेमका आता विचारल्यावर त्यांच्यातला वेंगुर्लेकर ताठ उभा राहिला. "हो तर. झालं की. सगळीकडं थोडं थोडं."

"तेच म्हनलं," सरुबाई म्हणाली. "तुमाला ताटावर बसू दिलं न्हाय, ते मनाला लागून राह्यलं व्हतं. धोंडप्पा गेल्यावर तुमच्या नावानं दोन भाकरी आन पिठलं काढून ठिवलं, बाबूला म्हनलं नेऊन दे. तर त्यो म्हनला, साहेब जेवलेत. गफूरनं सांगितलं त्येला. धोंडप्पाच्या आईला तुमी सोता म्हनला म्हनं, जेवान झालं." तिनं रिकामी किटली डोक्यावर ठेवली. "दुसऱ्याच्या नावानं काढलेलं आपुन कसं खावं? गाईला घातलं."

साहेबांनी धोंडप्पाकडं बघितलं. धोंडप्पा दुधात काचेची नळी धरून होता. त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला आणि लगेच पडला. "आतेन्रि, साहेब," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला. "मधला 'एन' राह्यला जनू."

त्या सकाळी टाकी काठोकाठ भरली. साहेबांनी खोलीत येऊन वर पाठवायचा अहवाल लिहायला घेतला. प्रशिक्षण वर्ग यशस्वी झाला, सर्व सेवकांनी एकमेकांच्या घरी भोजन केले, असं लिहिलं. मग 'सर्व' या शब्दावर ते जरा थांबले. पण नियमाप्रमाणे अधिकारी हा सेवकांत मोडत नाही, तेव्हा वाक्य बरोबर होतं. त्यांनी खाली सही केली.